मिटल्या डोळ्यांचं भांडण

आमच्या मंडळीत भांडणं डोळे मिटून होत. बाहेरच्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही, म्हणून आधी तेच नीट सांगते. दर बुधवारी दिवेलागणीला कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असायची. घरांच्या पाळ्या ठरलेल्या. चपला दाराबाहेर, आत सतरंजी, एकदोन गाणी, वचनाचं वाचन, आणि मग मोकळी प्रार्थना. मोकळी म्हणजे ज्याच्या मनात येईल त्याने मोठ्याने देवाशी बोलायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि शेवटी आमेन म्हणायचं. आता देवाशी बोलणाऱ्या माणसाला मधेच तोडता येत नाही, उलट उत्तर देता येत नाही आणि उठूनही जाता येत नाही. त्यामुळे ज्याला कुणाला जे सुनवायचं असेल, ते तो देवाला सांगे. 'हे बापा, ज्यानं शेजाऱ्याचं खुरपं नेलं अन् आजून परत केलं न्हाई, त्याला सुबुद्धी दे,' अशी प्रार्थना झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं दारात पडलेलं असे. मी लहानपणापासून पापण्या किलकिल्या ठेवून बसायची. कुणाची मान खाली जाते आणि कुणाच्या ओठात हसू येतं, ते मला सगळं दिसायचं. हल्ली आमच्या बीडच्या मंडळीचा मोबाइलवर ग्रुप आहे, प्रार्थना-विनंत्या तिथेच येतात. परवा एका बाईंनी 'घरातल्या काही व्यक्तींच्या स्वभावासाठी प्रार्थना करा' असं लिहून पुढे हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्यांची सूनही त्याच ग्रुपवर आहे. रीत काही बदलली नाही.

आमचं गाव माजलगावच्या धरणाच्या खालच्या अंगाला, कालव्याला लागून. गावाच्या टोकाला बुद्धवाडा आणि त्याला चिकटून आमची ख्रिस्ती वस्ती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि दारात घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला. आम्ही चर्च म्हणत नव्हतो, देऊळच म्हणायचो. पेटी नव्हती, तबला नव्हता. कुणीतरी एकाने गाणं 'उचलायचं' आणि बाकीच्यांनी मागोमाग जायचं. गाणं उचलणं हा मान होता. आजी होती तोवर तो तिचा होता. आजीने शेवटच्या आजारात माझ्या आईचा हात धरून सांगितलं होतं, "माझ्या मातीला गाणं तू उचल गं." आई मनातल्या मनात ते गाणं घोळवत स्मशानभूमीत उभी होती. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली, आईने श्वास घेतला, आणि तेवढ्यात पलीकडून मोठीमायने गाणं उचललं. मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती, आईची थोरली जाऊ. आईने घेतलेला श्वास तसाच सोडून दिला. आजीने आईला काय सांगितलं होतं, ते मोठीमायला ठाऊक नव्हतं असं ती म्हणायची. ठाऊक होतं, असं आई म्हणायची. मला तेव्हा दोन्ही खरं वाटायचं.

त्या दिवसापासून दोघी बोलत नव्हत्या. घरं समोरासमोर. मधे फक्त एक बाभळ आणि एक नळ. मोठीमाय विधवा, तिची मुलं पुण्याकडे कामाला गेलेली, सणाला यायची. म्हणजे आमच्या दोन घरांना एकमेकांशिवाय दुसरं कुणी नव्हतं आणि आम्ही एकमेकांचे नव्हतो. माझे बाबा कालव्यावर कामाला होते, पाणी सोडायचं, बंद करायचं. घरातही त्यांचा तोच उद्योग. सकाळी आमच्याकडे चहा घेत आणि कामावर जाताना वहिनीकडे दुसरा कप घेऊन जात. आईला ते माहीत होतं, पण तिने कधी विचारलं नाही. एकदा मात्र म्हणाली, "दोन कप च्या पिऊन पित्त हुतं माणसाला." बाबांनी ऐकलं न ऐकलं केलं.

गंमत अशी, की माझ्या आईसारखी मायाळू बाई पंचक्रोशीत नाही असं सगळं गाव म्हणायचं, आणि ते खोटं नव्हतं. पीठ मळताना एक मूठ पीठ बाजूच्या डब्यात टाकायची ती कधी चुकली नाही. आमच्या मंडळीतल्या सगळ्याच बाया टाकत. ते पीठ गरजेच्या घरी जायचं, घर कुणाचंही असो. थंडीत ऊसतोडीची टोळी कालव्याच्या कडेला खोप्या टाकून राहायची, आष्टीकडची माणसं. आई त्यांच्या बायांसाठी पहाटे ज्वारीची आंबील करायची, ताक घालून, जिरं आणि लसूण ठेचून. त्या वासाने मी जागी व्हायची. बाया उसाला जाताना वाटेत थांबून उभ्या उभ्या पीत, त्यांची लेकरं दिवसभर आमच्या अंगणात खेळत. कुणाचं जातीपातीचं, धर्माचं आईने कधी विचारलं नाही. परक्या माणसावर प्रीती करायला तिला काही सायास पडत नसत. सायास पडत ते बाभळीपलीकडच्या एका माणसासाठी. वर्षातून एकदोनदा पाळकसाहेब मोटारसायकलवरून प्रभुभोजन द्यायला येत. प्याला फिरवण्याआधी ते म्हणत, की मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी ती सोडा. मग प्याला ओळीने फिरे, आणि आई व मोठीमाय दोघीही तो हातात न घेता पुढे जाऊ देत. प्रामाणिक होत्या दोघी. अढी ठेवून प्याला घेतला नाही, पण अढीही सोडली नाही. दोन पाळकसाहेब बदलून गेले.

आता गंगामावशीबद्दल सांगायला हवं. ती आमच्या मंडळीतली नव्हे. गावातल्या शेतकरी घरातली, कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात माळ. पण दर बुधवारी सभेला हजर. "तुमची गानी ग्वाड असत्यात, अन् च्या बी," एवढंच तिचं कारण. देवाचं नाव कुठलंही असो, ऐकायला काय जातंय, असं तिचं म्हणणं. आमेन मात्र ती सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. आईची ती जिवाभावाची मैत्रीण, पण तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नसे.

तो बुधवार आमच्या घरचा होता. पाळीच्या सभेला शत्रूच्या घरी जाणं चालत असे, ते देवाच्या हिशेबात जायचं. मोठीमाय आली, दाराजवळ बसली. आई मात्र तिच्या घरच्या पाळीला कधी जात नसे, काहीतरी निमित्त काढायची. मोकळी प्रार्थना सुरू झाली आणि मोठीमायने सुरुवात केली. तिचा आवाज खणखणीत होता. "हे बापा, जिथं टोळीची लेकरं जेवत्यात पर सख्ख्या दिराच्या घरून वाटीभर कालवण कदी समोरच्या घरी जात न्हाई, तिथलं काळीज मऊ कर." मी पापण्यांतून आईकडे पाहिलं. तिच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. तो घाव बरोबर बसला होता, कारण तो खरा होता. मग आईने प्रार्थना सुरू केली. ती कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशीही चढवला नाही. "हे बापा, तू वाऱ्याला गप केलंस, समुद्राला गप केलंस. ज्या तोंडाला थांबनं ठावं न्हाई, त्याला तूच आवर घाल. दार लाव त्या तोंडाला." आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर, गंगामावशीचा आमेन घुमला.

शुक्रवारी सकाळी मोठीमाय नळावर चूळ भरायला गेली तर पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सरळ खाली गळायला लागलं. तिने पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर अर्धं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा डोळा टक्क उघडा, मिटता मिटेना. बाबा तिला घेऊन जीपने माजलगावला गेले. डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस सुजली आहे, थंडीत होतं असं काही जणांना, घाबरू नका, बहुतेक भरून येईल पण वेळ लागेल. गोळ्या दिल्या, डोळ्यात टाकायला थेंब दिले आणि व्यायाम म्हणून फुगे फुगवायला सांगितले. बाबांनी बाजारातून फुग्यांचं पाकीट आणलं. गावाच्या भाषेत मात्र तोंडावरून वारं गेलं होतं. ओठ मिटत नसल्याने मोठीमायला प, ब, म म्हणता येत नव्हतं. म्हणजे बापा म्हणता येईना, प्रभू म्हणता येईना आणि आमेनही म्हणता येईना. बाबा हे आईला सांगत होते तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. तिने एवढंच विचारलं, "बोलंल का परत?" बाबा म्हणाले, "डॉक्टर म्हनत्यात, बोलंल." आईने भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटली नाही.

पिठाच्या गिरणीवर गंगामावशीने तोंड उघडलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट तिला अभिमान वाटत होता. "इस्तेरबाईनं देवाला सांगितलं अन् दोन दिसांत बघा! आन् मी बी आमेन म्हनलतं बरं का." संध्याकाळपर्यंत गावभर झालं. एरवी आईचं नाव एस्तेर आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं, आता ते पोराबाळांच्या तोंडी झालं. दुकानात आई गेली की बाया बाजूला सरत, पण आता शिवाशिवीने नव्हे, भीतीने. एक सून कडेवरच्या लेकराचं तोंड पदराने झाकून निघून गेली. तिसऱ्या दिवशी गावातले एक बडे बागायतदार, आबासाहेब, आमच्या दारात उभे राहिले. असे लोक आमच्या वस्तीत कधी येत नसत. बरोबरच्या गड्याच्या हातात एक कोंबडी, पाय बांधलेली.

"बाई, माजा भाऊ बांध कोरतोय," आबासाहेब म्हणाले. "जास्त काय नगं. नुसती जीभ तेवढी बंद करा त्याची, तारीख हाय कोर्टात."

आई उंबऱ्यात उभी होती. तिने कोंबडीच्या बांधलेल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोंबडी घेऊन जावा तुमी."

"कमी वाटती का?"

"मला करणी करता येत न्हाई आबासायेब. तसलं काय नसतंय आमच्यात."

"मग जावंचं तोंड कावून वाकडं झालं?"

डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला ठाऊक होतं, पण आपण काय मागितलं होतं तेही तिला ठाऊक होतं. आबासाहेब गेले, कोंबडी आमच्या वस्तीतून ओरडत गेली. त्या दिवसापासून आईने प्रार्थना बंद केली. जेवणाआधी बाबा नेहमीसारखे तिच्याकडे बघत थांबायचे, ती मान हलवायची, मग बाबाच पुटपुटायचे. मी पुढे आयुष्यभर दवाखान्यात नर्सची नोकरी केली, हा आजार किती तरी जणांना झालेला पाहिला, बरा झालेला पाहिला. त्यात कुणाच्या शापाचा काही संबंध नसतो हे मी कुणालाही समजावून सांगू शकते. पण त्या दिवसांत आईला हे सांगून उपयोग झाला असता असं मला वाटत नाही. आपण वाईट मागावं आणि ते लगेच मिळावं, याची जी भीती असते, ती तिच्या डोळ्यांत होती.

तिला खरं लागलं ते वेगळंच. एका पहाटे तिने आंबील केली, पातेलं अंगणात आणून ठेवलं, आणि टोळीच्या बाया थांबल्या नाहीत. एकजण मागे वळून बघत गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक म्हातारी थांबली, दुरूनच हात जोडून म्हणाली, "माय, आमी पोटासाठी आलेली मानसं. आमाला कुनाच्या भांडनात पडायचं न्हाई. राग मानू नगंस." लेकरंही त्या दिवसापासून आली नाहीत. आई पातेल्याशेजारी बसून राहिली. आंबिलीवर साय धरली तरी ती उठेना. मला तिचा राग आला नाही, कीवही आली नाही खरं तर. मला वाटलं, हिच्याजवळ एवढीच एक गोष्ट होती आणि तीही गेली. आज इतक्या वर्षांनी तसंच वाटतं.

पुढच्या बुधवारची पाळी मोठीमायची होती. सगळ्यांनी धरलं होतं की सभा होणार नाही. पण तिने बाबांजवळ निरोप पाठवला, शब्द फुटत नव्हते म्हणून हातवारे करून. पाळी चुकवायची नाही. बाबा सांगून मोकळे झाले आणि कालव्यावर निघून गेले, नेहमीसारखे. आई दिवसभर घरात हे काढ, ते ठेव करत राहिली. दिवेलागण झाली तेव्हा तिने आंबिलीचं पातेलं पदराने धरून उचललं आणि मला म्हणाली, "किरपे, चल." मी चप्पल घालेपर्यंत ती बाभळीखालून पुढे गेलीही होती.

मोठीमायच्या घरात आईने किती वर्षांनी पाऊल टाकलं ते मला सांगता येणार नाही. आत सगळी मंडळी बसली होती, गंगामावशीसुद्धा, यावेळी भिंतीला अगदी चिकटून. मोठीमाय मधोमध, डोक्यावरचा पदर उजव्या गालावर ओढून घेतलेला. कोनाड्यात दोनतीन फुगवलेले, सुरकुतलेले फुगे पडले होते. आईने पातेलं चुलीजवळ ठेवलं आणि कोपऱ्यात बसली. गाणं उचलायची वेळ आली. मोठीमाय उचलू शकत नव्हती आणि आई तयार नव्हती. कुणीच उचललं नाही. पहिल्यांदाच आमची सभा गाण्याशिवाय सुरू झाली. वचन वाचून झालं. मग मोकळी प्रार्थना. सगळ्यांनी डोळे मिटले आणि खोलीत एक भयंकर शांतता पसरली. ती शांतता कशाची होती ते लहान पोरालाही कळलं असतं. सगळे आईची वाट बघत होते. शेवटी गंगामावशीला राहवलं नाही. "इस्तेर, जसं लावलंस तसं उघड म्हनावं की त्याला," ती कुजबुजली, आणि तिची कुजबूज म्हणजे बाकीच्यांचं बोलणं.

आई म्हणाली, "हे बापा," आणि थांबली. मी पापण्यांतून पाहत होते. तिनेही डोळे किलकिले केले होते. समोर मोठीमाय बसली होती. तिचा डावा डोळा सगळ्यांसारखा मिटलेला होता. पण उजवा मिटत नव्हता. तो उघडाच होता, पाण्याने भरलेला, आणि आईकडे बघत होता. आमच्या मंडळीत प्रार्थना करताना समोरचं माणूस तुमच्याकडे बघत नसतं. म्हणून तर सगळं बोलता येतं. आईने पुन्हा "हे बापा" म्हणून बघितलं, पण त्या डोळ्यासमोर पुढचा शब्द येईना. मग तिने आपले दोन्ही डोळे उघडले.

"बाई," ती म्हणाली. जावेला ती बाई म्हणत असे, बोलत होत्या तेव्हा. "मी वंगाळ मागितलं. देवाला न्हाई सांगत, तुमाला सांगते. सासूबाईंच्या मातीपासून माज्या पोटात हाय ते. तुमचं तोंड बंद व्हावं आसं लई दिस वाटत हुतं मला. आता झालं तर मला झोप न्हाई."

सगळ्यांचे डोळे उघडले. मोठीमायने पदर गालावरून बाजूला केला. ते वाकडं तोंड सगळ्यांना दिसलं, आणि तिला त्याची पर्वा नव्हती. ती बोलायला लागली. ओठ साथ देत नव्हते, निम्मे शब्द हवेतच जात होते, तरी कळायचं ते कळलं. तिलाही ठाऊक होतं, ती म्हणाली. आजीने आईला काय सांगितलं होतं ते तिने दाराआडून ऐकलं होतं. थोरली सून मी, आणि मान धाकटीला, हे तिला सोसलं नव्हतं. एवढं बोलून ती दमली. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळली, ती तिने पुसली. मग आईकडे बोट करून ती आणखी काहीतरी म्हणाली, जे आम्हाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"माझ्यासाठी प्रार्थना करू नगंस आता," ती म्हणाली होती. "झाली तेवढी लई झाली."

आधी गंगामावशी हसली. मग सगळेच. आई हसता हसता रडायला लागली आणि मोठीमाय तिच्या अर्ध्या तोंडाने हसत राहिली. कुणी आमेन म्हटलं नाही. आईने उठून आंबील वाटीत काढली. मोठीमायने पातेल्याकडे बघून भुवई उचलली, एकच, कारण दुसरी उचलत नव्हती. "व्हय," आई म्हणाली, "टोळीच्या बायांनी न्हाई घेतली. आता तुमीच प्या." आणि तिने वाटी तिच्या तोंडाला लावली.

त्यानंतर महिनाभर, जास्तच, आई सकाळ-संध्याकाळ बाभळीपलीकडे जात होती. भाकरी कुस्करून, आंबील पातळ करून. एकटीने प्यायलं तर मोठीमायचं निम्मं अंगावर सांडायचं. आई तिच्या ओठाचा उजवा कोपरा अंगठ्याने दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने वाटी लावायची. दोघी फारसं बोलत नसत. फुग्यांचा मान आम्हा पोरांना मिळायचा. टोळीच्या बायांनी नळावर पाणी भरताना हे सगळं पाहिलं असावं. एका पहाटे ती म्हातारी काही न बोलता आपला तांब्या घेऊन अंगणात येऊन उभी राहिली, आणि तिच्या मागे दोनचार लेकरं. आईने तिला काही विचारलं नाही, आंबील ओतली.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला आले. मनुके उकळून केलेला रस, चपातीचे तुकडे, आणि तोच पितळी प्याला. मोठीमायचं तोंड बरंच वळणावर आलं होतं, पण पातळ काही पिताना अजून गळायचं. प्याला ओळीने येऊ लागला तसा मी तिचा हात पाहिला. तो पदरात गेला, आणि मला कळलं की ती या वेळीही प्याला पुढे जाऊ देणार आहे. अढीमुळे नाही, लाजेमुळे. सगळ्यांसमोर तो रस हनुवटीवरून लुगड्यावर सांडला तर काय, हे तिच्या मनात होतं. प्याला तिच्यापुढे आला आणि तिने मान हलवली. पाळकसाहेबांनी उसासा टाकला, त्यांना वाटलं जुनंच दुखणं. तेवढ्यात शेजारी बसलेली आई सरकून जवळ आली, तिने अंगठा मोठीमायच्या ओठाच्या कोपऱ्यावर ठेवला, रोज ठेवायची तसा, आणि दाबून धरला. "घ्या बाई," ती म्हणाली. मोठीमाय प्यायली. एक थेंब सांडला नाही. मग आईने तो प्याला आपल्या तोंडाला लावला. दारात गंगामावशी चौकटीला धरून उभी होती. ती मंडळीतली नसल्याने प्रभुभोजनाच्या वेळी तिला आत ओळीत बसता येत नसे, पण ती पदराने डोळे पुसत होती, आणि नेहमीप्रमाणे जरा मोठ्याने.

मोठीमायचं तोंड पुढे जवळजवळ सरळ झालं. हसली की तेवढं एका अंगाला ओढलं जायचं. बोलणं परत आल्यावर आईला तिने पहिलं वाक्य काय ऐकवलं, तर "तुज्या आंबिलीत मीठ लई आसायचं." आई म्हणाली, "मग पीत कावून हुतात?" "थुकायला बी येत नव्हतं ना मला," मोठीमाय म्हणाली. त्या त्यानंतरही भांडल्या, आयुष्यभर भांडल्या, बाभळीच्या दोन्ही अंगांना उभ्या राहून, तोंडावर, गावाला ऐकू जाईल असं. बुधवारच्या सभेत मात्र कधी नाही. उजवा डोळा तिचा शेवटपर्यंत पुरता मिटला नाही, आणि आई सभेत नेहमी तिच्या त्या अंगाला बसायची.

मोठीमाय गेली तेव्हा मी नोकरीला लागले होते, मातीला पोचले. आईनेच तिचा तो डोळा हाताने मिटवला होता. जायच्या आधी मोठीमायने तिला सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, दाराआड काही राहायला नको म्हणून, "गाणं तूच उचलायचं, इस्तेर." स्मशानभूमीत पाळकसाहेबांची प्रार्थना संपली. आईने श्वास घेतला. सगळे थांबले. आईचा आवाज फुटला नाही. तिने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा तेच. कुणी पुढे होईना, कारण ते गाणं कुणाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा मागून, मंडळीच्या ओळीबाहेरून, गंगामावशीने ते गाणं उचललं. इतकी वर्षं बुधवारी ऐकून तिला ते पाठ झालं होतं. चाल तिने जात्यावरच्या ओवीची लावली होती, आणि पट्टी भलतीच उंच. आईने वळून तिच्याकडे पाहिलं. मग दुसरी ओळ तिने धरली, त्याच चालीत, त्याच पट्टीत, आणि तिच्या मागोमाग आम्ही सगळे.